फाटक्या जीन्सचा पंचनामा

जानेवारी 2025 मध्ये प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासानं जाहीर केलं, की फाटक्या जीन्स, तोकडे स्कर्ट, अंगप्रदर्शन करणारे कपडे घालून येणाऱ्यांना आत सोडणार नाही. भाविकांच्याच तक्रारी होत्या म्हणे. असतीलही. मंगळवारच्या रांगेत पुढच्याच्या कपड्यांखेरीज पाहायला असतं काय? 2020 च्या डिसेंबरात सरकारनंही आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट घालू नका म्हणून बजावलं आणि शुक्रवारी खादी सुचवली. काही महिन्यांनी जीन्सला माफी मिळाली, टी-शर्ट तेवढा अडकला. इकडे पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत शिवलेली, तयार निऱ्यांची नऊवारी गॉगल लावून बुलेटवर बसते, तेव्हा मात्र सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो.

तर या हरकतींत मला कधी दम वाटला नाही. हरकत घ्यावी आमच्या लालबागच्या चाळीतल्या काकांनी. काका गिरणीच्या साचेखात्यातले विणकर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते बाहेरच. नातू फाटकी जीन्स घालून आला तेव्हा त्यांनी संस्कृतीचं नावही काढलं नाही. चष्मा पुसला, त्याला खिडकीशी उभं केलं आणि गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरून तपासलं.

"ताणा तोडलाय, बाणा ठेवलाय. निळे उभे धागे काढले, पांढरे आडवे तसेच. काम नीट आहे. कोणी केलं?"

"मशीननं, आजोबा. लेझर असतं."

"कितीला पडली?"

"चार हजार. सेलमध्ये."

खरेदी लोअर परळच्या मॉलमधली, म्हणजे पूर्वीच्या फिनिक्स मिलच्या आवारातली. काका काही वेळ बोललेच नाहीत. त्यांच्या वडिलांच्या काळी कापडात खोट निघाली की मालक ते विणकराच्याच गळ्यात मारत आणि किंमत पगारातून कापून घेत. 1928 च्या संपातलं ते एक मोठं गाऱ्हाणं होतं.

"म्हणजे आता भोकाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतात," काका म्हणाले. "मालकांना हे तेव्हा सुचलं नाही, नाहीतर मिल चालल्या असत्या."

मी विचारलं, बंदी घालावी का?

"बंदी कशाला? ज्यानं हा माल पास केला त्या फोल्डिंगवाल्याला बोलवा."

पण मंगळवारी नातवाला सिद्धिविनायकाला जायचं होतं, आजीचा नवस होता, आणि त्याच्याकडे धड गुडघ्याची एकही पँट निघेना. मग काकांनी खाटेखालची ट्रंक ओढली. आतून डांबरगोळीच्या वासाची टेरिलिनची बेलबॉटम निघाली. मोहरी एवढी रुंद, की एकेका पायात दोघं मावावेत. हीच पँट घालून काका चिवडा गल्लीतून हिंडायचे तेव्हा त्यांच्या वडिलांनी आठवडाभर अबोला धरला होता, आणि चाळीचा जिना आता झाडायला नको, असं शेजारी म्हणत.

मंदिरात कोणी अडवलं नाही. अडवणार काय, नियमापेक्षा दीड वार कापड जास्तच होतं. नातवानं मात्र बाहेर येऊन फोटो काढला, मित्रांना पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तिघांनी ती पँट एकेक दिवसासाठी मागितली. काकांना ती अजून परत मिळालेली नाही.