पगारातलं मीठ

इंग्रजी ‘सॅलरी’च्या पोटात मीठ आहे. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, त्यावरून ‘सालारियुम’. रोमन शिपायांना पगार म्हणून चक्क मीठच मिळायचं, ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत हटकून येते. तसा पुरावा प्राचीन लेखनात नाही. पहिल्या शतकातल्या प्लिनीने मीठ आणि लष्करी मानधन यांचा नुसता संबंध सांगितला. बाकीचं वक्त्यांनी चवीपुरतं घातलं.

हे भाषण पेण तालुक्यातल्या गडब गावात करू नये. तिथल्या खारेपाटात आगरी माणसाचं नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेलं मानतात. खाल्ल्या मिठाला जागणं त्याला कुणी शिकवावं? शेजारच्या डोलवीत आता पोलाद तयार होतं, सॅलरी स्लिप मिळते. तिच्यात कपातींचे रकाने भरपूर, मीठ तेवढं दिसत नाही.

मग आपला ‘पगार’ तरी अस्सल मराठी?

छे! तो पोर्तुगीजांचा. त्याचं मूळ पुन्हा लॅटिनच: ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. इंग्रजी ‘पे’ त्याचाच सख्खा भाऊ. मूळ अर्थाने पगार हा मोबदला नव्हेच, तोंड बंद ठेवण्याची सोय आहे. ती साधारण दहा तारखेपर्यंत टिकते.