बाथरूममधली चाल

लेकीकडे न्यू जर्सीला गेलो ते थंडीतच. नदीपलीकडे फिलाडेल्फिया, आणि अलीकडे आमच्या शेजारचा दाढीवाला. त्याच्या तळघरात दर रविवारी तिथल्या ईगल्स संघाचा सामना बघायला चौघे-पाचजण जमत. एकदा नातीबरोबर मलाही बोलावणं आलं.

या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण चेंडूला पाय लागतो तो सणासुदीला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर बहुतेकदा चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. चेंडू पोटाशी धरून पळायचं की लांब फेकायचा, एवढाच प्रश्न. पण त्यावर आठवडाभर भांडता येतं. ‘ऑफेन्स बदला’ असं दाढीवाला ओरडला तेव्हा मला वाटलं, पोलिसांनी चुकीचं कलम लावलंय. नात म्हणाली, "आबा, ऑफेन्स म्हणजे हल्ला करणारे."

आदल्या वर्षीचा घाव अजून ओला होता. 2023 मध्ये पहिल्या 11 पैकी 10 सामने जिंकून गडी असे घसरले की प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बाहेर. मग हल्ल्याची आखणी करायला केलन मूर आला आणि शत्रूच्या घरातून, म्हणजे न्यूयॉर्क जायंट्सकडून, सेक्वॉन बार्कली. 2024 चे पहिले चार सामने दोन-दोन असे वाटून गेले. मधे एक आठवडा सुट्टी मिळाली आणि तिथून पुढे फेकाफेक कमी, पळापळ जास्त. बार्कली त्या मोसमात 2,005 यार्ड पळाला. म्हणजे भांडण मिटायला हवं होतं! छे. पळाले की दाढीवाल्याचा मेहुणा ओरडे, "फेका!" फेकला की दाढीवाला, "अरे, पळा ना!" आमच्याकडे साखरपुड्यापासून वरातीपर्यंत मामा आणि काका यांच्यात हेच चालतं, फक्त चिप्स नसतात.

मला त्यातलं एकच पहिल्या फटक्यात समजलं, ते म्हणजे टश पुश. एखाद-दुसरा यार्ड हवा असला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू घेऊन वाकून पुढे घुसतो आणि मागचे दोघे त्याला बुडावर रेटतात. यावर तज्ज्ञ तासतासभर बोलतात म्हणे. डोंबिवलीला फास्ट गाडीत मी तीस वर्षं दोन्ही जागांवरून हे खेळलोय. नातीनं ते भाषांतर करून सांगितल्यावर तळघरात माझा भाव एकदम वधारला.

पॅकर्सविरुद्धच्या सामन्यात ईगल्सचा ए. जे. ब्राउन बाकावर बसून चक्क पुस्तक वाचत होता. झेल टिपण्यात नावाजलेला हा गडी, त्या दिवशी त्याच्या वाट्याला एकच झेल आला, दहा यार्डांचा. तो पुढे म्हणाला की मी प्रत्येक सामन्यात वाचतो. मेहुण्याला ते पटलं नाही. "फेकत नाहीत, म्हणून वाचतोय बिचारा!"

आणि मग 19 जानेवारी. समोर रॅम्स, वरून बर्फ, टीव्हीवर मैदानाच्या रेघासुद्धा दिसेनात. बार्कलीनं 62 यार्डांची धाव काढली तेव्हा मी घडीच्या खुर्चीवर होतो. झालं, ती खुर्ची माझी ठरली, हलायचं नाही. पण थंडी, वय आणि दोन कप कॉफी यांच्यापुढे कुठली चाल टिकते? चौथ्या डावात मी गुपचूप सटकलो. कडी लावतोय तोच बाहेर छप्पर कोसळल्यासारखा आवाज झाला. बार्कली 78 यार्ड पळाला होता!

मी हात पुसत बाहेर आलो, बसलो, आणि थोड्याच वेळात रॅम्सनी गुण करून ईगल्सची आघाडी 28-22 वर आणली. मग चेंडू पुन्हा मिळवला आणि सरकत सरकत तेरा यार्डांवर येऊन ठेपले. तळघरात पळा-फेका सगळं थांबलं. सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. नात चाचरत म्हणाली, "आबा, ते म्हणतायत, तुम्ही परत आत जा."

गेलो. आता कामही नव्हतं. टॉवेलवरचं बदक बघत उभा राहिलो. एक आरोळी आली (जेलन कार्टरनं त्यांच्या क्वार्टरबॅकला लोळवलं होतं, हे नंतर कळलं), मग श्वास रोखलेली शांतता, मग दारावर धडाधड थापा. दाढीवाल्यानं मला उचललंच. मोसमातला सगळ्यात रंगलेला शेवट मी नळाच्या थेंबांवर मोजला होता.

पुढच्या रविवारी गाठ वॉशिंग्टनशी. "जाणार नाही," मी लेकीला सांगितलं. पण दाढीवाला स्वतः न्यायला आला. त्यांचा 55-23 असा धुव्वा उडाला म्हणे. मला काय ठाऊक? बाथरूममध्ये माझ्यासाठी घडीची खुर्ची मांडली होती, तिच्यावर उशी, आणि बेसिनपाशी ब्राउन वाचत होता त्याच पुस्तकाची कोरी प्रत. तीस पानं झाली.