ध्वनिमुद्रिकांच्या शोधार्थ केलेल्या मोटारप्रवासाचा वृत्तान्त, मुक्काम मिरज यांस सादर

मिरज येथील तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांच्या चरणी रेडिंगहून चिरंजीव, सौ. सूनबाई व नात यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ईस्टरच्या सुट्टीत या कुटुंबाने केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त दूरध्वनीवर ‘मजा आली’ एवढ्यात न उरकता कागदावर सविस्तर लिहून पाठवावा, अशी बाबांची आज्ञा झाली. आणि मुख्याध्यापक निवृत्त झाले तरी त्यांची आज्ञा निवृत्त होत नसल्यामुळे ती पाळणे भाग पडले. शालेय निबंधांतील प्रथमपुरुषी सर्वनामे बाबांच्या लाल शाईने खोडली जात, याची चिरंजीवांस आजही धास्ती असल्याने प्रस्तुत पत्र ग्रंथलेखनाच्या रीतीने रचले आहे, आणि ज्या संज्ञा आईस अपरिचित वाटतील त्यांचा अर्थ जागच्या जागी दिला आहे.

प्रवासाचा विषय विनाइल ध्वनिमुद्रिकांचा शोध हा होता. विनाइल हे पाण्याच्या नळ्यांना लागणाऱ्या पीव्हीसीच्याच कुळातील प्लास्टिक असून, कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्लेइंग, म्हणजेच एलपी, बाजारात आणल्यापासून त्याच्या तबकड्या रूढ झाल्या. त्यापूर्वीची, मिनिटाला सुमारे 78 फेरे घेणारी व हातातून सुटताच फुटणारी तबकडी, जिच्या थप्प्या मिरजेच्या माळ्यावर आहेत, ती लाखेची असे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर विशिष्ट किड्यांनी स्रवलेली राळ, आणि तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातूनच होत असल्यामुळे युरोपातील थोर ऑपेरागायकांची कीर्ती काही अंशी छोटा नागपूरच्या जंगलांतील किड्यांच्या मेहनतीवर उभी होती. ही माहिती येथील दुकानदारांना पुरवली असता ते प्रथम आदराने व नंतर घड्याळाकडे पाहतात.

‘स्वतंत्र दुकान’ याचा अर्थ कोणत्याही मोठ्या साखळीत न मोडणारे, ज्याचा मालक किंवा त्याचा विश्वासू माणूस माल स्वतःच्या कानाने निवडतो आणि गिऱ्हाइकाच्या निवडीवर भुवई उंचावण्याचा हक्क राखून ठेवतो, असे दुकान. सीडी, पुढे संगणकावरून उतरवून घेतलेले संगीत आणि शेवटी मासिक वर्गणीत मिळणारे अमर्याद संगीत अशा तीन लाटांत अशी पुष्कळ दुकाने बुडाली. तरीही 2008 पासून दर वर्षी एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ या दिवशी केवळ स्वतंत्र दुकानांतच मिळणाऱ्या मोजक्या प्रतींसाठी पहाटेपासून रांगा लागतात, आणि 2024 मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे 67 लाख विनाइल एलपी खपल्या. येथील सांख्यिकी कार्यालय महागाई मोजण्यासाठी ज्या वस्तूंचे भाव टिपते, त्या यादीतून 1992 नंतर वगळलेले विनाइल मार्च 2024 मध्ये एअर फ्रायरच्या जोडीने परत आले. सूनबाईंच्या मते यामुळे चिरंजीवांच्या व्यसनास सरकारी मान्यता मिळाली असून, एअर फ्रायर मात्र अद्याप घरात आलेला नाही.

रेडिंगहून पश्चिमेस जाणारा एम-4 हा महामार्ग सरळ व कंटाळवाणा असल्याने त्याविषयी अधिक लिहिणे नलगे; परंतु वाटेत स्विंडन या गावी शिरल्यास एक चमत्कार पाहावयास मिळतो. एका मोठ्या चक्राभोवती पाच लहान वाहतूक-चक्रे अशी 1972 मध्ये रचलेली ही ‘जादूची चकरी’ असून तिच्या बाहेरच्या अंगाने वाहने घड्याळाच्या दिशेने, तर आतल्या अंगाने उलट्या दिशेने फिरतात. चिरंजीवांनी तेथे गरजेपेक्षा अधिक प्रदक्षिणा घातल्यामुळे मागील आसनावरून नातीने ‘बाबांची सुई अडकली’ असा शेरा मारला. ज्या पिढीने खरखरत एकाच ओळीवर अडकलेली तबकडी कधी ऐकलेली नाही, तिच्या तोंडी ही उपमा अचूक यावी, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

ब्रिस्टल हे शहर मिरजेच्या घरास वाटते त्याहून जवळचे आहे, कारण घरातील ग्रामोफोनच्या झाकणावर जो कुत्रा कर्ण्यात कान घालून बसला आहे, तो याच गावचा. निपर नावाचा हा कुत्रा 1884 मध्ये येथे जन्मला, आणि पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घेण्याच्या सवयीवरून त्याचे नाव पडले. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने त्याचे चित्र काढले तेव्हा त्याच्यापुढे एडिसनच्या पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने 1899 मध्ये ते चित्र विकत घेताना फोनोग्राफ रंगाखाली झाकून तेथे स्वतःचे यंत्र रंगवून घेतले. निपर तोवर मरण पावला असल्याने या बदलाविषयी त्याचे मत कळण्यास मार्ग नाही. पार्क रो या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका दारावर त्याची लहानशी मूर्ती बसवली आहे. तिच्यापुढे आईने सांगितल्याप्रमाणे नातीचे छायाचित्र काढले, ते सोबत जोडले आहे.

जुनी तबकडी पारखण्याची रीत येथे विशद करणे अगत्याचे आहे, कारण प्रवासाचा बहुतेक वेळ तीतच गेला. ग्राहक तबकडी कडांनी धरून दिव्याखाली तिरपी करतो, चरे मोजतो, आणि मग शेवटच्या गाण्यानंतर लेबलापर्यंत उरलेल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले बारीक आकडे वाचतो. या आकड्यांवरून तबकडी कोणत्या साच्यातून निघाली व ती पहिल्या छपाईची आहे की नंतरची, हे ठरते. याच पट्टीवर साचा कापणारे कारागीर क्वचित आपली सहीही ठेवतात. जॉर्ज पेकम या इंग्रज कारागिराचे ‘पोर्की’ हे टोपणनाव आढळल्यास अनोळखी माणसेही दुकानात एकमेकांशी बोलू लागतात, जे इंग्लंडमध्ये एरवी फक्त हवामानामुळे घडते. स्थितीची प्रतवारी सर्वोत्तम, उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, बरी अशा उतरंडीने लिहिलेली असते. व्यवहारात ‘चांगली’ असे लिहिलेली तबकडी कढई तापल्यासारखी तडतडते, आणि अनुभवी ग्राहक तिला हात लावत नाही. ही सर्व परीक्षा चालू असताना सूनबाई दुकानाबाहेरील बाकावर तीन प्रकरणे वाचून संपवितात, असे निरीक्षण आहे.

सेव्हर्न नदीवरील पूल ओलांडला की वेल्स लागते. या पुलावर 2018 च्या डिसेंबरपर्यंत पथकर होता, आणि तो केवळ वेल्समध्ये शिरतानाच द्यावा लागे, बाहेर पडताना नव्हे. हा वेल्सचा मान होता की अपमान, यावर तेथील लोकांत दोन तट असल्याचे सांगतात. पलीकडे कार्डिफ येथे स्पिलर्स हे जगातील सर्वांत जुने समजले जाणारे ध्वनिमुद्रिकांचे दुकान आहे. त्याची स्थापना 1894 ची, म्हणजे लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्याच्या पुढल्या वर्षीची. प्रारंभी तेथे फोनोग्राफ व मेणाची नळकांडी मिळत. पुढे लाखेच्या तबकड्या आल्या, विनाइल आले, कॅसेटी आल्या, सीडी आल्या आणि फिरून विनाइल आले. भाड्याच्या कटकटींतून वाट काढत 2010 मध्ये ते मॉर्गन आर्केड या काचेच्या छताच्या जुन्या बाजारगल्लीत स्थिरावले. इतक्या नामांकित तीर्थक्षेत्राचा गाभारा प्रत्यक्षात लहान आहे, आणि तेथील मंडळी आपल्या दुकानाच्या वयाविषयी एक अक्षरही आपणहून बोलत नाहीत, ही गोष्ट मिरज-सांगलीकडील शंभर वर्षांच्या मिठाईवाल्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

येथे नातीने टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेची रंगीत विनाइल तबकडी स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली. नातीजवळ ती वाजविण्याचे यंत्र नाही आणि वडिलांच्या यंत्रास हात लावण्याची परवानगीही नाही. तथापि हे वर्तन अपवादात्मक नव्हे, कारण ल्युमिनेट या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार अमेरिकेत विनाइल विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ते वाजविण्याचे साधन होते. ‘मग ऐकायचे कशावर?’ हा आईचा प्रश्न दूरध्वनीवर आलाच होता. त्याचे उत्तर असे की गाणी भ्रमणध्वनीवर ऐकायची असतात आणि तबकडी भिंतीवर लावायची असते.

मँचेस्टरच्या ओल्डम स्ट्रीटवर दुकानांची दाटी आहे. पिकॅडिली रेकॉर्ड्स हे 1978 पासूनचे दुकान नव्या मालासाठी, तर व्हायनिल एक्स्चेंज जुन्यासाठी प्रसिद्ध आहे. पण या शहरातील व एकूण प्रवासातील खरा अभ्यासविषय दुकानांचा नसून कप्प्यांचा ठरला. रॉक, सोल, जॅझ, रेगे, लोकसंगीत असे कप्पे ओलांडून गेल्यावर बहुधा जिन्याखाली किंवा शौचालयाच्या वाटेवर ‘वर्ल्ड’ अशी चिठ्ठी लावलेला कप्पा असतो, ज्यात इंग्रजी न बोलणारे जग सामावलेले असते. ही चिठ्ठी निसर्गदत्त नव्हे. लंडनमधील एम्प्रेस ऑफ रशिया या मद्यगृहात 1987 च्या जून महिन्यात लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांचे लोक जमले, दुकानदारांना अशा तबकड्या कोठे ठेवाव्यात ते कळत नाही म्हणून त्या खपत नाहीत, हे दुखणे त्यांनी मांडले, आणि बऱ्याच नावांचा काथ्याकूट करून ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव मुक्रर केले. हेतू चांगला होता व त्यामुळे अनेक कलावंतांचा माल विकला गेला, हे मान्य केले पाहिजे. तरी बल्गेरियातील स्त्रियांचे समूहगान, नायजेरियाचा फेला कुटी आणि किराणा घराण्याचा ख्याल यांना एका खोक्यात बसविणारी ही व्यवस्था ज्ञानाची नसून गल्ल्याच्या सोयीची आहे, असेच म्हणावे लागते.

या व्यवस्थेला अपवाद आहेत, आणि ते अधिकच बोधप्रद आहेत. पंडित रविशंकरांना बीटल्सच्या पुण्याईने पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र पुठ्ठा मिळतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून उमेदीची वर्षे घालविलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक तबकडी काढली, तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. पुढे शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ नावाचे नृत्यसंगीत जन्मले आणि तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा हा मनुष्य ते संगीत आधीच वाजवून बसला होता, असे लोकांच्या ध्यानात आले. परिणामी आज ते ‘वर्ल्ड’मधून बढती मिळून इलेक्ट्रॉनिकच्या कप्प्यात गेले आहेत.

आता बाबा ज्या परिच्छेदाची वाट पाहत असतील तो. उत्तरेकडील एका दुकानात, ज्याचे नाव सांगणे शिष्टाचारास सोडून होईल, मालकाने सर्व ‘खान’ एका ठिकाणी लावले होते. तेथे सरोदवादक अली अकबर, सतारवादक विलायत, कव्वाल नुसरत फतेह अली आणि शिकागोची सोल गायिका चाका खान यांच्या सान्निध्यात, बुरशीचे डाग पडलेल्या कव्हरात, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची दमदमच्या कारखान्यात छापलेली एलपी मिळाली. खाँसाहेबांची मिरज, तेथील दर्गा व उरुसातील संगीतसभा यांविषयी मिरजकरांस सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखविणे होय. मालकास मात्र सांगावे लागले, की 1937 मध्ये वारलेल्या या गायकाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्यांच्या प्रत्येक बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि तासभर चालणारा राग एवढ्या जागेत मावविण्याचे कसब हेच त्या मुद्रणांचे वैशिष्ट्य आहे. मालकाने तबकडी लावली, बाजू संपेपर्यंत तो गल्ल्यामागे उभा राहिला आणि त्याने दोन पौंड कमी केले. इंग्लंडमध्ये घासाघीस चालत नाही, असे येथे आल्यापासून चिरंजीव सांगत आले आहेत, ते यापुढे सांगणार नाहीत.

लीड्सच्या जम्बो रेकॉर्ड्समध्ये पाऊस व भूक यांमुळे फार वेळ देता आला नाही. परतीच्या वाटेवर लंडनच्या पश्चिमेस हेझ येथे मोटार थांबली. येथे ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्याचा पाया 1907 मध्ये नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या हस्ते घातला गेला. याच कंपनीने फ्रेड गाइसबर्गला 1902 मध्ये कलकत्त्यास धाडले होते, तेथे गौहरजान गायल्या, आणि गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारून मोकळ्या झाल्या, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या व तेथील कामगारांना गायिका कोण हे कळणे आवश्यक होते. कलकत्त्यात छपाई सुरू होण्यास 1908 साल उजाडले. हेझच्या त्या आवारात आता ‘द ओल्ड व्हायनिल फॅक्टरी’ या नावाने सदनिका व कचेऱ्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या किमती ऐकून सूनबाईंनी सर्वांना मोटारीत बसण्यास सांगितले.

उस्तादांची एलपी या वेळच्या सामानातून पाठविण्याचा विचार आहे. तिच्यासंबंधी व माळ्यावरील संग्रहासंबंधी काही विनंत्या आहेत. ही एलपी चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये, कारण त्याची जड पोलादी सुई विनाइलच्या खोबणी एका फेऱ्यात खरवडून काढते. शेजारच्या काकांकडील विजेच्या प्लेअरवर ती ऐकावी. माळ्यावरील तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात आणि पत्र्याच्या उष्णतेपासून दूर न्याव्यात. लाखेच्या तबकड्या आईने केवळ ओल्या फडक्याने पुसाव्यात. स्पिरिटने कदापि पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि फडक्यावर गाणे येते. भंगारवाला दारात आल्यास, दिवाळीत चिरंजीव येईपर्यंत माळा उघडणार नाही, असे त्यास बजावावे.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.