ट्रॉलीबाई, एकदा दारव्ह्याला या

प्रति,
सौ. फनिक्युलर ट्रॉलीबाई,
सप्तशृंगी गड, वणी, जि. नाशिक

विषय : दारव्हा मोतीबाग स्टेशनावर बदली करून घेण्याबाबत.

बाई, सप्रेम नमस्कार.

२०१८ साली तुम्ही गडावर रुजू झालात आणि पाचेकशे पायऱ्यांचा धसका संपला. आमची आत्या तुमच्यातून वर जाऊन आली, तेव्हापासून देवीखालोखाल तुमचंच नाव घेते. “उभ्या डोंगरावर रूळ हायेत, तरी गाडी घसरत नाही बाप्पा!” मी तिला शास्त्र समजावलं : एका दोराला दोन डबे, उतरणारा चढणाऱ्याला ओढतो, मोटारीला वरच्या फरकापुरताच जोर. “म्हणजे नवरा-बायकोच की,” आत्या म्हणाली.

तुमचं खानदान मोठं. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या किल्ल्यावर तुमची पणजी १८९२ पासून चढते-उतरते आहे. आधी ती पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो जड होऊन खाली निघे आणि खालचा वर येई. आमच्याकडे हे तंत्र आलं असतं तर नळ सुटेल त्याच दिवशी गाडी सुटली असती. रायगडाच्या रोपवेलाही १९९६ पासून ओळखतो, पण तो पडला लोंबकळणारा. आम्हाला रूळवालीच हवी.

कारण रूळ आमच्याकडे आहेत, बाई. अडीच फुटी. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडण्यासाठी किलिक निक्सनच्या साहेबांनी टाकलेले, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. कापूस मँचेस्टरला गेला आणि तिथून १९२१ चं इंजिन आलं. ते बिचारं १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं. मग डिझेल आलं. आमची शकुंतला रेल्वे ती हीच. गार्डच तिकिटं फाडायचा, पण गाडी होती. आता नाही.

त्यावरून सरकारचं गणित आम्ही ओळखलं : सपाटीवरच्या माणसाला पाय असतात, गाडी लागते ती डोंगरावरच्याला. ठीक आहे. मोतीबागेत कापसाच्या गाठी रचून आम्ही डोंगर उभा करतो. यंदाचा भाव पाहता गाठी तिथेच पडून राहतील, याची हमी. वर एक बुरूजही बांधू. तो शिवकालीन आहे असं मात्र सांगणार नाही. तेवढा प्रामाणिकपणा आमच्यात शिल्लक आहे.

दुसरा डबा मूर्तिजापूरला ठेवावा. तिकडे उतार नाही, असा शेरा तुमचे इंजिनियर मारतील. त्यांना म्हणावं, धक्का मारायला माणसं आम्ही देऊ.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
मोतीबाग स्टेशनावरचा एक प्रवासी

ता. क. : येताना दोर जरा लांब आणा.