गाय कुठे मिळेल?

डोंबिवलीतल्या प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. एरवी त्यांना कुणी विचारत नाही, पण पितृपक्ष लागला की त्यांचा भाव वधारतो. श्राद्धाच्या स्वयंपाकाला बाई मिळते, गुरुजी फोनवर मिळतात, कावळा गच्चीवर आधीच येऊन बसलेला असतो. अडतं ते गाईच्या पानाशी. मग तिसऱ्या मजल्यावरून फोन येतो, "नाना, गाय कुठे मिळेल हो?" नाना घड्याळ बघतात. "साडेअकरापर्यंत मारुतीच्या देवळापाशी. नंतर शाळेमागच्या गल्लीत."

नुसता पत्ता देऊन ते थांबत नाहीत, गाय पारखूनही देतात. पाठीवर वशिंड हवं, गळ्याखाली पोळी लोंबायला हवी. खिल्लार उत्तम, डांगी चालेल. जर्सीचा संकर पुढे आला की पान मागे! तेहतीस कोटी देवांनी जर्सीत बिऱ्हाड केलेलं नाही, यावर ते ठाम आहेत. दीड वाजता यजमानाच्या पोटात कावळे ओरडू लागले, की मात्र त्याच गाईच्या पाठीवर नानांना 'किंचित उंचवटा' दिसतो.

३० सप्टेंबर २०२४ ला, ऐन पितृपक्षात, राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केलं, तेव्हा नानांनी जिन्याजिन्यातून पेढे वाटले. पेढे म्हशीच्या खव्याचे होते. गाईच्या दुधाचा चहा त्यांना पाणचट लागतो. दिवाणखान्यात सावरकरांची तसबीर आहे. गाय हा उपयुक्त पशू, देव नव्हे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय, हे चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांनी एकदा काढलं. नाना म्हणाले, "मोठ्या माणसांचं सगळंच वाचू नये."

आणि हा माणूस गाईपासून चार हात लांब उभा राहतो! नमस्कार शेपटीकडून. लक्ष्मीचा वास मागच्या बाजूला असतो, हा त्यांचा शास्त्राधार. शिंगं पुढच्या बाजूला असतात, हा माझा.

हाल होतात ते गाईचे. सकाळपासून खीर, वडे, पुऱ्या, भाताच्या मुदी. बाराव्या पानाला ती तोंड फिरवते. "पितर नाराज दिसतात," असं नाना हळूच म्हणतात आणि यजमान घाबरून आठवू लागतो, वडिलांच्या कुठल्या जमिनीचं काय राहिलं. गाय घेऊन बसणाऱ्या मावशी वैतागतात, "अवो, पितर कशाला, तिचं पोट भरलंय! रवंथ करणाऱ्या जनावराला एवढा भात पचतो व्हय? गवताची पेंढी घ्या, वीस रुपये." नाना पेंढीतही घासाघीस करतात. पुण्य घाऊक असतं, असा त्यांचा हिशेब.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्री मावशींचाच नानांना फोन आला. गाईचं पोट फुगलंय, डॉक्टरांनी चारा सोडून काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. नानांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "उद्या गाय रजेवर. कावळे नेहमीच्या वेळेत."