हाडकांचा भाव

व्होरकाथ मेला की दोन हाडकं देतो आणि दोन निळी कातडी. दर वेळी, न चुकता. बाकी काय द्यायचं ते त्याच्या मर्जीवर. एवढा आग ओकणारा, हिरव्या विषाची डबकी थुंकणारा, अर्धवट कुजलेला ड्रॅगन. त्याला मारताना दोन्ही अंगठ्यांना घाम फुटतो आणि शेवटी पदरात काय, तर हाडकं. पण त्या हाडकांना भाव आहे. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये हाडं पुरली की प्रार्थनेची पातळी वाढते. त्यामुळे ज्यांच्याकडे वेळ आहे ते ड्रॅगन मारतात आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते आमच्याकडून हाडं विकत घेतात, पुरतात नि घरबसल्या पुण्यवान होतात. खेळ केंब्रिजच्या कंपनीचा आहे, पण ही कल्पना त्यांना आपल्या एखाद्या तीर्थक्षेत्री दर्शनाच्या रांगेत सुचली असावी, अशी मला दाट शंका आहे.

तर मी हाडांचा व्यापारी. दिवसा गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, रात्री ‘चांदाकिंग’. नावाला बाराच अक्षरं मिळतात, नाहीतर पुढे ‘श्रीमंत’ आणि मागे ‘महाराज’ लावायची माझी तयारी होती. खजिनाही नावाला साजेसा. या खेळात नाण्यांच्या एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी मावतात. त्यापुढे संगणकालाच मोजता येत नाही. मी त्या आकड्याच्या जवळ आहे. चंद्रपूर मुंबईच्या जवळ आहे तितका जवळ, पण महाराष्ट्र तोच.

श्रीमंत माणसाला करांचा त्रास फार. ग्रँड एक्स्चेंज या तिथल्या बाजारात २०२१च्या डिसेंबरात विक्रीवर एक टक्का कर बसला आणि २०२५मध्ये त्याचे दोन टक्के झाले. त्या करवाढीवर मी मधल्या सुट्टीत इतक्या तावातावानं बोललो, की मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “शेतीबिती विकली काय, सर?” मी नाही म्हणालो नाही.

आमच्या खेळातल्या गटात फिनलंडचा एक ट्रक ड्रायव्हर आहे, ब्राझीलची एक नर्स आहे, पोलंडचा एक विद्यार्थी आहे, आणि किंग फक्त मी. एकदा फिनलंडवाल्यानं विचारलं, हे चांदा, म्हणजे आमचं चंद्रपूर, कुठे आलं? मी लिहिलं, जिथं रस्ता ओलांडायला वाघ थांबतात, जमिनीखाली कोळसा आहे आणि मे महिन्यात पारा ४८ला टेकतो ते. तो बराच वेळ गप्प. मग त्यानं विचारलं, “तिथं शिरायला कितवी लेव्हल लागते?”

मी म्हटलं, डी.एड.

लेव्हलचं म्हणाल तर ती गोष्ट आमच्या जिल्ह्याला शासनानं कधीच लागू केली आहे. तिला आम्ही एकस्तर म्हणतो. गडचिरोलीत नोकरी करा, एक पायरी वरची वेतनश्रेणी घ्या; बदली होऊन जिल्ह्याबाहेर पडलात की पुन्हा खाली. रूनस्केपनं सुद्धा लेव्हल वाढवून परत काढून घेण्याचा निर्दयपणा केलेला नाही. एकस्तराची थकबाकी निघाल्यावर शिक्षकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते ड्रॅगन पाडल्यावर माझ्या चेहऱ्यावर येतं का, असं मी चंद्रपूरच्या घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “एकस्तरात फ्रीज आला.” तिचं बोलणं नेहमी असं विषय संपवणारं असतं. या अब्जावधींतले थोडे इकडे आणता येत नाहीत का, हेही तिनं एकदा विचारून घेतलंय. आणता येतात, चोरून. व्हेनेझुएलाचं चलन मातीमोल झालं तेव्हा तिथली कितीतरी पोरं याच खेळात हिरवे ड्रॅगन मारून, नाणी डॉलरात विकून घर चालवत होती. २०१७च्या सुमाराला त्याचा बराच बोभाटा झाला. नियमाविरुद्ध आहे, सापडलं की खातं बंद. मी बायकोला छाती काढून सांगितलं की चांदाकिंग असली कामं करत नाही. तासभराच्या कमाईला चहा आणि एक प्लेट भजी एवढाच दर आहे, हा तपशील राजघराण्याच्या इभ्रतीसाठी गाळला.

राजघराण्यावरून सशाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. चांद्यात वाढलेल्या प्रत्येकाला ती येते आणि मी ती कुठेही, कुणालाही सांगतो. पोलंडवाल्याला तर दोनदा सांगितली आहे.

गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गाठी, वैद्य थकले. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून झरपटीच्या कोरड्या पात्रात उतरला, एका खळग्यात पाणी दिसलं, प्यायला, तोंड-हातपाय धुतले. त्या रात्री त्याला शांत झोप लागली आणि सकाळी राणी बघते तर धुतलेल्या जागच्या गाठी गायब. हे झालं औषध. खेळणाऱ्या माणसाला सांगायला नको, लढाईआधी हेल्थ भरून घ्यावी लागते. पाण्याची ती जागा म्हणजे अंचलेश्वर. आता लढाई. राजा घोड्यावरून तिथं फिरतोय, सोबत शिकारी कुत्रा. झुडपातून ससा निघाला, कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. आणि ससा कुत्र्याच्या मागे लागला! कुत्रा पुढे, ससा मागे, राजा त्यांच्या मागे. ससा कधी गोल फिरवतो, कधी नागमोडी पळवतो, आणि शेवटी एका जागी कुत्रा उलटला नि त्यानं सशाला मारलं.

खेळात बॉस म्हणतात तो हा. ड्रॅगन कोणीही बनवतं. पण ससा? कपाळावर खूण, ठरलेला मार्ग, मध्येच बदलणारी चाल, आणि समोर राजाचा कुत्रा शेपूट घालून पळतोय. कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही कलाकाराला हे सुचलेलं नाही. माझं तर मत आहे की राजाला त्या दिवशी काहीच कळलं नसणार. आपला कुत्रा सशापुढे पळाला ही घरी जाऊन सांगायची गोष्ट आहे का? तरी त्यानं सांगितली, हा त्याचा मोठेपणा. आणि राणी म्हणाली, ही जागा शुभ आहे. ससा धावला त्या वाटेवरून कोट बांधा, आत नगर वसवा, मात्र ससा मेला त्या ठिकाणी सावध राहा, धोका तिथूनच येईल. लढाईत पाऊल न टाकता घरात बसून लूट कुठली आणि सापळा कुठला हे बरोबर ओळखणारी ती बाई. दहा-अकरा किलोमीटरचा कोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसाण नि बगड. एका सशातून एवढा ड्रॉप! मी आजवर व्होरकाथकडून काय मिळवलं? हाडकं. दरवाज्यांवर हत्तीला लोळवणाऱ्या सिंहाची शिल्पं आहेत, गोंडराजांचं चिन्ह; माझा दरबार भरला तर मी तिथं ससा बसवीन. कोट वेडावाकडा का, असं एका पाहुण्यानं विचारलं तेव्हा मी त्याला सबंध कोटाभोवती उन्हात फिरवून जागा दाखवल्या: इथं ससा वळला असणार, इथं कुत्रा दमला असणार. पाहुणा पुन्हा आलेला नाही.

असे पाहुणे पुण्याकडचे असतात. गडचिरोलीत आहे म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटते. “बापरे! तिकडे? अजून ते... असतात का?” सबंध जिल्हा त्यांच्या लेखी अंधारकोठडी, आत पावलोपावली बॉस. मला याचा संताप येतो. लोक इथं धान लावतात, मंडई भरवतात, रात्र-रात्र झाडीपट्टीचं नाटक बघतात, लेकीच्या लग्नाला कर्ज काढतात. तरी पाहुण्यासमोर माझा आवाज आपोआप खाली जातो आणि मी खिडकीबाहेर बघत म्हणतो, “चालायचंच. सवय होते.” ताडोब्यात जिप्सीतून आलेली मंडळी तर वाघांना नावानं ओळखतात: माया, मटकासुर, गब्बर. दिसला की टाळ्या, नाही दिसला की पैसे वाया. वैनगंगेच्या अलीकडे वाघाला नाव मिळत नाही, आकडा मिळतो. सीटी-१ म्हणून एक होता. २०२२च्या ऑक्टोबरात वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं, तोवर तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं गेली होती.

मी आरमोरीकडे जिथं खोली घेऊन राहतो तिथल्या घरमालकीण मावशी मोहफुलं वेचायला जातात. मार्च-एप्रिलात फुलं पहाटे गळतात, उजाडेपर्यंत हरणं खातात, म्हणून अंधारात निघावं लागतं. आणि तीच माझी ड्रॅगनची वेळ. फिनलंडवाला तेव्हा ट्रक लावून ऑनलाइन येतो. असं आम्ही दोघं एकाच वेळी कमाईला लागायचो. मावशी चार बायकांना हाका मारत, टोपली काखेत; मी खाटेवर, चार्जर लावून.

मग एका एप्रिलात आमच्या गल्लीतली एक बाई गेली. मोहाच्या झाडाखाली वाकलेली होती. त्यानंतर आठवडाभर जंगलात कोणी जायचं नाही असं ठरलं, फुलं खाली पडून सडत राहिली, आणि मावशी सवयीनं पहाटे उठून ओसरीवर बसू लागल्या. दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून मला बघू लागल्या.

“गुरुजी, हा झोपला आहे न जी?”

व्होरकाथ खरंच झोपलेला असतो. जाऊन त्याला डिवचायचं, मग तो उठतो, मग लढाई. तशी सोयच दिलेली आहे.

“झोपलेल्याले डिवचता कायले?”

हाडांना भाव आहे, मी म्हणालो. मग मारून दाखवला. मला वाटलं त्या चकित होतील. मी एकही घाव न खाता मारला होता आणि मान किंचित तिरपी करून बसलो होतो. त्यांनी विचारलं, “आता?” आता तो पुन्हा उठेल, लगेच. त्या बघत राहिल्या. तो पुन्हा जागेवर येऊन झोपला.

“मंग मेला कुठं जी तो?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या मरणाकडे वळलो. आपण मेलो की काय होतं ते समजावून दिलं: गावात पुन्हा उभे राहतो, सामान थडग्यात राहतं, १५ मिनिटांत जाऊन उचलायचं. उशीर झाला तर मृत्यूच्या ऑफिसात जायचं. खरंच आहे तसं; काळ्या झग्यातला मृत्यू तिथं बसलेला असतो, ठरलेली फी भरली की सामान परत देतो. मावशींना हे पटलं. ऑफिस आहे म्हटल्यावर पटलंच.

“कागद कोणते लागते?”

गल्लीतल्या त्या बाईचे कागद मीच केले होते. शासन २५ लाख देतं, थोडी रक्कम हातात, बाकी मुदत ठेवीत. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांची नावं. अक्षर चांगलं म्हणून असली कामं मास्तरकडे येतात. घटनेचं ठिकाण या रकान्यात जंगलाचा कक्ष क्रमांक लिहायचा असतो, तो मी पंचनाम्यातून उतरवून घेतला. तिचा नवरा शेजारी बसून होता. तो म्हणाला, “आमच्या बुढ्याचा मोह म्हना, गुरुजी. सगळ्यायले ठावं आहे तो.” मी कक्ष क्रमांकापुढे कंस करून ‘मोहाचे झाड’ असं लिहिलं. रकान्यात तेवढीच जागा उरली होती.

मावशींना मी म्हटलं, कागद काही लागत नाहीत, नुसते पैसे. “मंग बरं आहे,” त्या म्हणाल्या. आणि हाडांच्या भावाची चौकशी करू लागल्या.

इथं मात्र माझा राजेपणा पुरता उतरला. मी हाडं निघाली की त्याच रात्री विकतो, हे ऐकून त्या माझ्याकडे, ज्यानं गृहपाठ केलेला नाही अशा पोराकडे मी बघतो तसं बघू लागल्या. हंगामात कोणी विकतं का? मोहफुलं एप्रिलात सगळ्यांकडे असतात तेव्हा व्यापारी मातीच्या भावानं नेतो आणि पावसाळ्यात तीच फुलं आपल्याला चढ्या भावानं विकतो. वाळवायची, ठेवायची, कोणाजवळ नसली की काढायची. पूर्वी तेंदूच्या फडावर मुन्शी सत्तर पानांचा पुडा मोजताना वर चार पानं मागायचा, तेव्हापासून मावशी मोजणाऱ्यावर नजर ठेवून आहेत. दोन टक्के कराबद्दल त्यांनी विचारलं, “ते जाते कुठं?” त्या पैशातून कंपनी बाजारातला जास्तीचा माल विकत घेऊन नष्ट करते, असं मी म्हटलं. “म्हनजे भाव पडत नाही,” मावशी म्हणाल्या. हे कळायला मला एक इंग्रजी व्हिडिओ दोनदा बघावा लागला होता.

“तुमच्या हाडाले कीड लागते का?”

नाही.

“मंग घाई कायची?”

मी हाडं साठवली. जंगल पुन्हा सुरू झालं, मावशी पुन्हा अंधारात निघू लागल्या, आता दहा-बारा बायका मिळून, मोठ्यानं बोलत. त्या परत येईपर्यंत माझ्याच्यानं ड्रॅगनकडे नीट लक्ष देणं होईना आणि त्या काळात मी इतक्या वेळा मेलो की मृत्यूच्या ऑफिसात माझं स्वागत व्हायचं बाकी होतं. फाटकाची कडी वाजली की मग नेम लागायचा.

पुढे खेळात काहीतरी बदल झाला, हाडांची मागणी वाढली, भाव चढले आणि मी सगळा साठा काढला. गटात खळबळ उडाली. फिनलंडवाल्यानं विचारलं, राजे, तुम्हाला आधी कसं कळलं? ब्राझीलवाली म्हणाली, याच्याकडून शिकलं पाहिजे. मी थोडा वेळ जाऊ दिला, कारण मोठी माणसं लगेच उत्तर देत नाहीत, आणि मग लिहिलं, “अनुभव.”

मावशींना यातलं काही बोललेलो नाही. त्या हिस्सा मागतील, आणि पुडा मोजून घेतात तसा मोजून घेतील.