पेनड्राइव्हला हळदकुंकू

आमच्याकडच्या एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट हॅक झाली. कुठली संस्था, ते विचारू नका. तुमच्या गावात जी आहे, तीच. आवारात संस्थापकांचा अर्धपुतळा, फाटकाच्या दोन्ही अंगांना वाढदिवसाचे फ्लेक्स आणि ऑफिसात ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढंच सांगायला ठेवलेला एक पगारी माणूस.

हॅक झाल्याचं संस्थेला चार महिने कळलं नाही. स्वतःची वेबसाइट उघडून बघायची तिथं पद्धतच नव्हती. कळलं ते चितेगावातल्या एका पोरामुळं. पोरगा म्हणजे आता पस्तिशीचा गडी. पैठण रोडला एका वर्कशॉपात लेथवर असतो. दुसरीकडं बरी नोकरी लागत होती, तिथं 2009 सालच्या कोर्सचं प्रमाणपत्र पडताळून मागितलं. रात्रपाळी सुटल्यावर टपरीवर चहा पिता पिता त्यानं मोबाइलवर संस्थेचं नाव टाकलं, ‘प्रमाणपत्र पडताळणी’वर बोट ठेवलं, आणि समोर इंडोनेशियन भाषेतला जुगाराचा अड्डा उघडला. गरगर फिरणारी चक्रं, उडणारी नाणी, मधोमध हसणारी एक बाई. वर संस्थेचं ब्रीदवाक्य मात्र जागच्या जागी होतं. संस्कृतात, ज्ञानाबद्दल. टपरीवाला डोकावून म्हणाला, “भाऊ, कॉलेज म्हणत होतास ना?”

यात संस्थेवर कुणाचा राग नव्हता. जगभरच्या वेबसाइटींची दारं हलवून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस हिंडत असतात. ज्याची कडी जुनी, त्याच्या ओसरीवर दुकान थाटायचं, एवढाच हिशेब. शाळा-कॉलेजांच्या आणि सरकारी पत्त्यांवर सर्च इंजिनांचा विश्वास जास्त, म्हणून जुगारवाल्यांना ही ओसरी विशेष आवडते. संस्थेची कडी 2016 साली बसवलेली, पासवर्ड म्हणजे साहेबांची जन्मतारीख. ती गुप्त ठेवायची तर आधी फाटकावरचे फ्लेक्स उतरवावे लागले असते.

असं काही घडलं तर कळल्यापासून सहा तासांच्या आत केंद्राच्या यंत्रणेला कळवायचं, असा निर्देश 2022 पासून आहे. संस्थेनं तो बारकाईनं वाचला आणि ‘कळल्यापासून’ या शब्दावर बोट ठेवलं. संस्थेला कळलं असं केव्हा म्हणायचं? लेथवरच्या माणसाला कळणं म्हणजे संस्थेला कळणं नव्हे. साहेबांना कळलं पाहिजे. साहेब देवदर्शनाला गेलेले. ते आल्यावर सभा, सभेला कोरम, आणि कोरम झाल्यावर ‘वेबसाइट हॅक झाल्याचे संस्थेस कळले’ असा ठराव. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. घड्याळ तिथून सुरू.

सभेत हेडक्लार्क उठून शांतपणे म्हणाले, “साहेब, काळजी नसावी. बॅकअप आहे.”

पुढचा भाग मला दोन सभासदांनी वेगवेगळा सांगितला आणि दोघांचंही वर्णन तंतोतंत जुळलं, म्हणून लिहितोय. लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात स्टीलचा डबा, डब्यात लाल कापड, कापडात पेनड्राइव्ह. त्यावर हळदकुंकवाचे इतके थर, की मूळ रंग काळा की निळा यावर सभेत दोन तट पडले. त्याचं असं, की दर खंडेनवमीला ऑफिसातल्या हत्यारांची पूजा होते: टाइपरायटर (बंद), झेरॉक्स मशीन (चालू), पंचिंग मशीन, शिपायाची सायकल आणि पेनड्राइव्ह. प्रत्येकाला एक झेंडूचं फूल. 2016 पासून एकही वर्ष खंड नाही, करोनातसुद्धा हेडक्लार्क तोंडाला फडकं बांधून एकटे येऊन पूजा करून गेले. पेनड्राइव्ह संगणकाला मात्र या सगळ्या काळात एकदाही लावलेला नव्हता. पूजेतली वस्तू अशी कुठंही लावतात होय?

आता लावायला गेले, तर जाईना. तोंडात कुंकू घट्ट बसलेलं. शिपायानं टाचणीनं कोरलं, मग टूथब्रश मारला, मग फुंकर घातली. ती हेडक्लार्कच्या पांढऱ्या शर्टावर रंगपंचमी करून गेली. अखेर पेनड्राइव्ह आत सरकला आणि पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करू का? साहेब म्हणाले, “हो म्हणा. सुरुवातीलाच नकार नको.” एका तासिका तत्त्वावरच्या मास्तरानं धावत जाऊन माउस धरला म्हणून वाचलं. (तासिका तत्त्वावरचा होता म्हणून धावला. कायम असता तर बसूनच राहिला असता.) दुपारपर्यंत खटपट करून त्यानं पेनड्राइव्ह उघडला. आत ‘न्यू फोल्डर’. त्यात ‘न्यू फोल्डर 2’. त्यात साहेबांच्या एकसष्टीच्या फ्लेक्सची डिझाइनं, मिशी काळी केलेली आणि न केलेली अशा दोन्ही आवृत्त्यांत, आणि पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ. व्हिडिओही हळदीपर्यंतचाच, पुढं जागा संपलेली. म्हणजे हळद बाहेर, हळद आत. प्रमाणपत्रांचं रजिस्टर? ते वेबसाइटवर होतं. वेबसाइटचा बॅकअप? तो वेबसाइटच्याच पोटात ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरात होता. घराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला अडकवून दार ओढून घ्यावं, तसा.

इथवर मीही हसलो. मग नोटीस लागली, आणि हसू गेलं.

‘तांत्रिक कारणास्तव अभिलेख उपलब्ध नसल्याने माजी विद्यार्थ्यांनी मूळ प्रमाणपत्र, दोन साक्षांकित झेरॉक्स प्रती व पाचशे रुपये शुल्क घेऊन समक्ष यावे.’

म्हणजे रजिस्टर हरवलं यांनी, आणि दंड लेथवरच्या माणसाला. त्यानं एक खाडा करायचा, दिवसाची मजुरी बुडवायची, खोदलेल्या रस्त्यावरून काळीपिवळीत धूळ खात यायचं आणि यांनीच दिलेला कागद यांनाच दाखवून सिद्ध करायचं, की मी तुमच्याकडं शिकलो होतो. बॅकअपबद्दल जाणकारांचा एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. आता या माणसाच्या खोलीत या. मूळ कागद पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली. लॅमिनेशन केलेली झेरॉक्स दाराआडच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी. एक प्रत बिडकीनला मेव्हण्याकडं, आणि फोटो मोबाइलमध्ये. तीन-दोन-एक नव्हे, एक चढच. त्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. प्रत्येक खिडकीवर ‘पुरावा आणा’ ऐकत मोठा झाला, एवढंच. या देशाचं खरं डेटा सेंटर गरिबाच्या दाराआडच्या पिशवीत आहे. त्याला ना एसी, ना जनरेटर, आणि भाडं उलट तोच भरतोय. बजेट मात्र यांना, सर्व्हर यांना, ‘डिजिटल कॅम्पस’ची फीत कापायला कात्री यांना, आणि हरवलं की पिशवीवाल्याला हाक. निर्लज्जपणा याहून कमी शब्दांत सांगता येत असेल तर कळवा.

आणि हे कुठं, तर पैठण रोडला! शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. जमिनीत हौद, छपरावर टाकी, मोरीत ड्रम, ओट्याखाली हंडे. शेवटचा हंडा दुसऱ्या खोलीत, कारण मोरीतल्या ड्रमात पाल पडू शकते. इथल्या कुठल्याही बाईला विचारा, टाकी भरली का हे ती कसं ठरवते. झाकण काढून आत बघते. कुंकू लावत नाही. सगळी बॅकअपविद्या एवढीच आहे: अधूनमधून झाकण काढून बघायचं, प्रत परत चढवून बघायची. आणि दुसऱ्या खोलीतला तो हंडा कशाला? मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांना कुलपं ठोकून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच मिळत होती, घेणाऱ्यांनी घेतली नव्हती. असला व्हायरस जोडून ठेवलेल्या प्रतीलाही कुलूप घालतो. म्हणून एक हंडा दुसऱ्या खोलीत.

याच रस्त्यानं चितेगावाच्या पुढं तीसेक किलोमीटरवर पैठण. शके 1506 मध्ये तिथं नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथाला तोवर जवळपास तीनशे वर्षं होत आलेली, नकलाकारांनी पदरच्या ओव्या घुसडलेल्या, पाठ बिघडलेले. नाथांना प्रती ताडून बघता आल्या, कारण ताडायला एकाहून जास्त प्रती गावोगावच्या घरांत जपलेल्या होत्या. वर त्यांनी ताकीदही दिली, की इथून पुढं यात कुणी आपली ओवी घालू नये. विजेचा दिवाही नसताना हे झालं. संस्थेच्या वेबसाइटमध्ये चार महिने परमुलखातला जुगारी ओव्या घालत बसला होता, आणि ताडून बघायला यांच्याकडं मिशीच्या दोन आवृत्त्या!

31 मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. मी हेडक्लार्कना सांगून बघितलं. ते म्हणाले, “त्या दिवशी मार्च एंड असतो, वेळ कुणाला?”

पेनड्राइव्ह पुसून, नवीन लाल कापडात गुंडाळून पुन्हा कपाटात गेला आहे. लेथवरचा माणूस गेल्या सोमवारी खाडा करून आला. खिडकीवर त्याला सांगितलं, मूळ प्रमाणपत्र जमा करून जा, आठ दिवसांनी मिळेल. तो काही न बोलता पिशवी उचलून परत गेला. तुमच्यावर ती वेळ आली तर एवढं करा: झेरॉक्स द्या, पाचशे मागत असतील तर पावती घेऊन द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.